क्रॅश लँडिंग ऑन यू ही कोरियन सिरीज खरंच बघण्यासारखी आहे का?

हो, नक्की बघा. तुम्ही विचारलंय की उत्तर कोरियाचा सैनिक आणि दक्षिणेची करोडपती मुलगी ही लव्हस्टोरी पटते का, तर मला पूर्ण पटली. स्टोरी अशी की युन से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट बॉर्डरपलीकडे झाडावर लटकते, खाली उभा असतो कॅप्टन री जंग-ह्योक, आणि मग तो वरिष्ठांना रिपोर्ट न करता तिला स्वतःच्या घरात लपवतो.

पण खरी मजा त्याच्या उत्तर कोरियातल्या गावात आहे. मधेच जाणारी लाईट, किमची (कोबीचं कोरियन लोणचं) साठवायची जागा, शेजारच्या बायकांच्या गप्पा, हे सगळं इतकं जिवंत वाटतं कारण लिहिणाऱ्या टीममध्ये तिकडून पळून आलेला माणूसही होता. से-रीने सुगंधी मेणबत्ती मागितलेली असते आणि जंग-ह्योक साधी आणतो, नंतर ती बाजारात हरवते तेव्हा गर्दीत हात वर करून सुगंधी मेणबत्ती धरून उभा असतो, तो सीन मी कितीदा बघितलाय!

16 एपिसोड आहेत, एकेक साधारण सव्वा ते दीड तासाचा, काही त्याहून मोठे. 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली, नेटफ्लिक्सवर आलेली आहे. मधे थोडी लांबते, व्हिलनचा ट्रॅक मला जरा जास्तच वाटला. यातले हिरो-हिरोईन ह्यून बिन आणि सोन ये-जिन यांनी 2022 मध्ये खरंच लग्न केलं, ते ऐकून फार आनंद झालेला. आणि सबटायटलवरच बघा, दोन्हीकडच्या बोलीतला फरक कानाला कळतो.