‘द्या की तुमच्या मनानं’

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला. आयटीआय वायरमन होऊन 3 वर्षं झाली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, शेतातली वायरिंग करतो. काम भरपूर, पण हातात पैसा राहत नाही. पुण्याला कंपनीत जावं का?

उत्तर : पुण्याचं नंतर बघू. तुझ्या पत्रातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. पाच एचपीची मोटार रात्री अकराला खोललीस, दुसऱ्या दिवशी भरून बसवलीस आणि पैसे किती विचारल्यावर म्हणालास, ‘द्या की तुमच्या मनानं.’ तांब्याची तार मात्र सांगलीतून रोखीनं आणली होतीस.

अरे, शेतकरी लबाड नाही. ऑक्टोबर छाटणीपासून त्याचं सगळं उधारीवर चालतं, द्राक्षाचा पैसा दिसतो तो फेब्रुवारी-मार्चला. तो आला की ज्याचा आकडा वहीत आहे, त्याचे आधी भागतात. औषध दुकानदाराकडे पावती असते. तुझा आकडा तूच सांगितला नाहीस, मग त्याच्या लक्षात काय राहणार?

हे फक्त तुझं नाही. साताऱ्यात मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेतो, तिथंही पगाराची अपेक्षा विचारली की हुशार पोरं मान खाली घालून म्हणतात, ‘तुम्ही द्याल तो.’ मला फार वाईट वाटतं.

मोटार खोलून बघितलीस की कामाला हात लावायच्या आधी बोल : ‘अण्णा, तार-बेअरिंगचे एवढे आत्ता द्या, मजुरी एवढी, ती द्राक्षं गेल्यावर चालेल.’ आणि गप्प बस. तू लगेच ‘बघा, कमी करू’ म्हणतोस, समोरच्यानं मागितलंही नसतं. भावकीला सूट द्यायची तर मजुरीत दे, तारेत नको. पावतीपुस्तक घे, कार्बन घालून लिही, खाली सही घे.

वायरमनचा परवाना काढला नसशील तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात चौकशी कर. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. पुढं कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याचं काम घेतलंस, तर नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण त्यालाही बिल लागतं.

पत्रात 14 जणांकडची उधारी लिहिली आहेस. त्यांच्याकडे या रविवारपासून जा, प्रत्येकाकडून तारीख घे. पुण्याला जायचंच असेल तर मार्चची वसुली करून जा.