मत बदललंय, पण आता कुठल्या तोंडाने सांगू?

हा प्रश्न समुपदेशकाकडे नाना रूपांनी येतो. मुलीच्या लग्नाला वर्षभर नाही म्हणणारे वडील येतात. लशीची टिंगल केलेला आणि आता आईला लस द्यायची असलेला मुलगा येतो. ज्या नेत्यासाठी मित्रांशी भांडण केलं तो नेता मनातून उतरलेला कार्यकर्ताही येतो. मत बदललेलं असतं, अडतं ते सांगण्यापाशी. ‘पलटी मारली’, ‘थुंकलेलं चाटलं’ हे शब्द ऐकावे लागतील म्हणून माणूस जुन्याच मताला धरून बसतो आणि झोप घालवतो.

पुढची गोष्ट ठाण्यातल्या नौपाड्याची आहे. ओळखू येणारे तपशील बदलले आहेत आणि दोन सारख्या प्रकरणांची सरमिसळ केली आहे.

चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, 1984 सालची सोसायटी. 28 सभासद. काका बँकेतून निवृत्त झालेले आणि पूर्वी सोसायटीचे सेक्रेटरी. सहा वर्षं त्यांनी पुनर्विकासाला विरोध केला. ‘चांगली दुरुस्ती करा, पुढची वीस वर्षं बघायला नको’ हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्यामागे नऊ-दहा घरं. मग नवं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालं. अहवाल काकांनी बँकेतल्या सवयीने ओळ न् ओळ वाचला आणि त्यांचं मत बदललं. दोन महिने हे कोणालाच सांगितलं नाही. पहाटे तीनला जाग यायची, रक्तदाब वाढला. काकूच त्यांना घेऊन आल्या. म्हणाल्या, “हे घरात एक बोलतात, जिना उतरले की दुसरं.”

अशा वेळी आधी फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब, थायरॉइड आणि चालू गोळ्या तपासून घ्यायच्या. झोप गेली म्हणजे कारण मनातच असेल, असं धरून चालत नाही. ते झालं आणि मग बोलणं सुरू झालं.

पहिल्या भेटीत काकांचा सूर कडक होता. “शास्त्रज्ञ रोज नवं सांगतात, पुढारी रोज नवा झेंडा धरतात. मी त्यातला नाही.” हा अभिमान खोडायच्या भानगडीत पडू नये. काका ज्या दोन गोष्टींना हसत होते, त्याच जरा जवळून बघितल्या.

काकांना तरुणपणी पोटात अल्सर झाला होता. टेन्शन घेऊ नका, तिखट सोडा, थंड दूध प्या, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे तोच आजार जंतूमुळे होतो म्हणून त्यांना चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स दिला. “मग आधीचे डॉक्टर खोटे होते का?” हा त्यांचा प्रश्न. खोटे नव्हते. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना रुग्णांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. कोणी ऐकेना म्हणून मार्शल यांनी 1984 साली त्या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने प्रतिजैविकांची शिफारस करेपर्यंत 1994 उजाडलं. नोबेल 2005 साली मिळालं. काकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आहे. जंतू सापडला म्हणून जुनं सगळं कचऱ्यात गेलं नाही. आम्ल कमी करणारी औषधं आजही देतात, आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो हेही खरंच आहे. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे दोन्ही सांगता आलं की ते मतपरिवर्तन लोकांना पचतं. कोविशील्डच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं. 2021 च्या जानेवारीत दोन डोसांत चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, मे महिन्यात बारा ते सोळा. रांगेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत फक्त आकडा पोचला, कारण नीट पोचलं नाही.

राजकारणाचं गणित निराळं. तिथे मत कुठल्या पुराव्याने बदललं हे बघण्याआधी खुर्ची कधी बदलली ते बघावं लागतं. जीएसटीचं घटनादुरुस्ती विधेयक 2011 साली आलं तेव्हा ज्यांनी आक्षेप घेतले, त्यांनीच सत्तेत आल्यावर तसंच नवं विधेयक आणून पुढे रेटलं. ज्यांनी आधीचं आणलं होतं, ते विरोधी बाकांवर गेल्यावर अडून बसले. शेवटी 2016 ला ते मंजूर झालं. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा एकट्यादुकट्या आमदार-खासदाराला पकडतो, पण अख्ख्या पक्षाने भूमिका फिरवली तर त्याला कायदा काही करू शकत नाही. उलट बाजूला गांधीजी आहेत. चौरीचौऱ्यानंतर फेब्रुवारी 1922 मध्ये त्यांनी ऐन भरातलं असहकार आंदोलन थांबवलं, सहकारी चिडले तरी. पुढे 1933 साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहूनच टाकलं, की माझ्या दोन लिखाणांत विसंगती दिसली तर नंतरचं धरा. फायदा होत असताना बदललेलं मत आणि तोटा सोसून बदललेलं मत, हा फरक लोकांना न शिकवता कळतो. आपल्याकडे संशयाने बघतील ही काकांची भीती म्हणूनच अगदीच खुळी नव्हती.

आता कागद काढला. काकांचे जुने मुद्दे एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापुढे लागू पडेल ती खूण करायला सांगितली : परिस्थिती बदलली, माहिती नवी आली, अंदाज चुकला, की काहीच बदललं नाही? हे तोंडी करू नये. तोंडी केलं की ‘माझंच सगळं चुकलं’ किंवा ‘माझं काहीच चुकलं नाही’ या दोन टोकांवर गाडी जाते.

‘दुरुस्तीने भागेल’ या मुद्द्यापुढे पहिल्या दोन्ही खुणा झाल्या. आधीच्या ऑडिटमध्ये इमारत सी-टू-बी वर्गात होती, म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती चालेल अशी. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं, मधलं एक चुकलं. नव्या अहवालात वर्ग सी-टू-ए, म्हणजे इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती. तळमजल्याच्या खांबांत ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली आला होता, हे काँक्रीट संशयास्पद असल्याचं लक्षण. फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारल्यावर काँक्रीट गुलाबी व्हायला हवं, ते सळीपर्यंत बिनरंगाचंच राहिलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कता संपली, की सळीचं संरक्षण जातं, ती गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. वरून कितीही प्लास्टर मारा, आतली सळी गंजतच राहते. सी-टू-ए म्हणजे इमारत पाडाच, असं नाही. पण खांबांच्या जॅकेटिंगचा, म्हणजे खांबांभोवती नवा थर चढवून ते मजबूत करण्याचा, खर्च आणि त्यातून मिळणारी वर्षं यांचा हिशेब काकांनीच मांडला आणि तो त्यांना परवडणारा वाटला नाही.

‘बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी घेतल्याशिवाय सही नाही’ हा मुद्दा जसाच्या तसा उभा होता. तो वाचताना काका पहिल्यांदा खुर्चीत सैल बसले.

‘अंदाज चुकला’ या खुणेपाशी मात्र पेन थांबलं. पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त इंजिनिअरने चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, की खांबावरच्या भेगा सळीच्या रेषेत आहेत आणि गंजाचे डाग दिसतायत, हा प्लास्टरचा प्रश्न नाही. काकांनी ते उडवून लावलं होतं. एवढंच असतं तर निभावलं असतं. वार्षिक सभेत, सगळ्यांदेखत, “यांना बिल्डरचं पाकीट पोचलंय” असंही ते बोलले होते आणि रात्री तेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं.

खरी गाठ इथे होती. आमच्या कामात हे वारंवार दिसतं : माणसाला जुनं मत फारसं धरून ठेवत नाही, त्या मतापायी दुसऱ्याबद्दल बोललेले शब्द धरून ठेवतात. मत सोडलं की ते शब्द उघडे पडतात. त्यात ते लेखी असतील तर पकड आणखी घट्ट. डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली रेषांच्या लांबीवरून एक प्रयोग केला. ज्यांनी आपला अंदाज सही करून कागदावर दिला, ते इतरांचं ऐकून फारसे हलले नाहीत. ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, ते सर्वांत जास्त हलले. विषय नुसता रेषांचा होता, इथे तर घर आणि सहा वर्षांची इभ्रत.

म्हणून आरोप मागे घेणं आणि मत मागे घेणं ही दोन कामं वेगळी ठेवली, आरोप आधी. क्रम असा ठरला. इंजिनिअर गृहस्थांना त्यांच्या घरी, एकट्याने भेटायचं. सोबत काकू नकोत, मिठाईचा पुडाही नको, कारण पुडा दिला की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. वाक्य आधीच लिहून पाठ केलं : “तुम्ही पैसे घेतलेत असं मी सभेत म्हणालो. माझ्याकडे त्याचा काही आधार नव्हता. मी ते मागे घेतो, ग्रुपवरही तसं लिहितो.” पहिल्या मसुद्यात “माझ्या बोलण्याने दुखावले असाल तर” असं होतं, ते काढलं. ‘तर’ आला की दोष ऐकणाऱ्याच्या नाजूकपणावर जातो.

त्यानंतर स्वतःच्या गटातल्या दोघातिघांना प्रत्यक्ष सांगायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि इथेच सगळं फिसकटतं. सहा वर्षं आपल्या भरवशावर उभ्या राहिलेल्या माणसांना बातमी भर सभेत कळली, तर त्यांना ती दगाबाजीच वाटणार. मग कमिटीला सहीचं पत्र. ग्रुपवर सर्वांत शेवटी, दिवसाउजेडी, शंभरएक शब्दांत : अहवालातलं काय वाचून मत बदललं, कोणती अट कायम आहे, कोणता आरोप मागे घेतला. शेवटी एक ओळ, की पुनर्विकास समितीत मी कुठलंही पद घेणार नाही. संशयाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा ही ओळ जास्त काम करते. ‘मी आधीपासून हेच सांगत होतो’ असा सूर मात्र कुठेही येऊ द्यायचा नाही, जुने मेसेज सगळ्यांच्या फोनमध्ये असतात.

घाई होती, कारण सभा तोंडावर होती. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या ठरावाला एकूण सभासदांच्या 51 टक्के मंजुरी लागते, म्हणजे 28 पैकी 15. सभेचं चित्रीकरणही होतं. काकांच्या गटातली दोन-तीन मतं इकडची तिकडे झाली असती तरी निकाल फिरला असता. तरी एक चाचणी आधी करून घेतली. “सभा वर्षभर पुढे गेली आणि कोणीच तुम्हाला विचारलं नाही, तरी मत हेच राहील?” थकून किंवा दबावाने बदललेलं मत या प्रश्नापाशी डळमळतं. तसं झालं तर जाहीर काहीच करायचं नाही. काका हो म्हणाले, लगेच.

काकूंनाही काम दिलं. “मी सांगतच होते” हे वाक्य महिनाभर बंद. चुकीची माहिती खोडली की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो, असं 2010 च्या एका गाजलेल्या अभ्यासानंतर सर्रास सांगितलं जायचं. पुढे वुड आणि पोर्टर या संशोधकांनी 52 विषयांवर दहा हजारांहून जास्त लोकांची चाचणी घेतली, त्यांना तो परिणाम जवळपास सापडलाच नाही. म्हणजे या विषयाच्या शास्त्रानेही आपलं म्हणणं बदललं. घरच्यांनी पुरावा जरूर दाखवावा. चारचौघांत दाखवू नये आणि दाखवून झाल्यावर तिथून उठावं.

इंजिनिअर गृहस्थांनी ऐकून घेतलं, “बरं” म्हणाले आणि दार लावलं. जिन्यात बोलणं सुरू व्हायला बरेच आठवडे लागले. काकांच्या गटातल्या एकाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते अजून तसंच आहे. ग्रुपवर “किती मिळाले?” असा मेसेज आला. त्याला उत्तर द्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं, काकांनी फोन काकूंकडे दिला. ठराव मंजूर झाला, बँक गॅरंटीची अट त्यात काकांच्याच आग्रहाने लेखी आली. पहाटेची जाग कमी झाली, पूर्ण गेली नाही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली आहे.

तुमच्या घरात असंच कोणी अडकलं असेल आणि झोप, भूक किंवा बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर सभेची किंवा कार्याची तारीख उलटायची वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.