‘येतो’ म्हणजे कधी?

पोरी,

तुझा निरोप तीनदा वाचला. दार फुगून बसत नाही, सुतार नऊ दिवस ‘उद्या येतो’ म्हणतोय, वायरमन फोन उचलत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी आलीय. आणि शेवटी ते वाक्य: ‘काका, इथं कुणी शब्दच पाळत नाही, परत पुण्याला जाऊ का?’

जायचं तर जा, मी अडवणारा कोण? पण सुताराच्या नावावर जाऊ नकोस. आज 14 जुलै. दापोली तालुक्यात या दिवसांत सुतार सुतार नसतो, गवंडी गवंडी नसतो, सगळे शेतकरी असतात. भाताची रोपं पेरल्यापासून तीनेक आठवड्यांत उपटून लावावी लागतात. उशीर झाला की फुटवे कमी येतात आणि वर्षभराचा तांदूळ घटतो. तुझा फोन वाजतो तेव्हा तो पोटरीभर चिखलात वाकलेला असतो आणि मोबाईल बांधावर, प्लास्टिकच्या पिशवीत. संध्याकाळी तुझा नंबर बघून तो ‘उद्या येतो’ म्हणतो, कारण बाईमाणसाला तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नाही. तू ते तारीख म्हणून लिहून घेतेस. तो ते नमस्कार म्हणून म्हणतो.

म्हणून सांगतो, फोन करू नकोस. जाऊन उभी राहा.

सकाळी सात ते साडेसात, शेतावर निघायच्या आधी, त्याच्या पडवीत. ‘कधी येता?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, त्याला उत्तर ‘उद्या’ हेच असतं. ‘लावणी किती उरलीय?’ असं विचार. मग बघ, ‘खालचे दोन चोंढे (भातखाचरं) राहिलेत, पाऊस लागून राहिला तर रविवारपर्यंत’ इतकं नेमकं उत्तर येतं. त्यावर तू सोमवार ठरव आणि रविवारी संध्याकाळी परत जाऊन उभी राहा. हा परत जाण्याचा भाग शहरातल्या माणसाला अपमान वाटतो. मलाही वाटायचा. इथली पहिली कित्येक वर्षं मी फोनवरून गाव चालवायला बघत होतो. ती फुकट गेली, त्याची चुटपुट अजून आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

आणि तो आला नाही हे एका परीनं बरंच झालं. जुलैत फुगलेलं दार रंधून घेतलंस की डिसेंबरमध्ये लाकूड आटतं आणि चौकटीशी बोटभर फट राहते. तिथून थंडी, धूळ आणि पाली. आत्ता एवढंच कर: दार हळू बंद करत कुठं घासतं ते बघ, तिथं खडूनं खूण कर, मेणबत्ती चोळ. तरीही अडलं तर फक्त खुणेपुरती पॉलिशपेपरनं घास, एक-दोन मिलिमीटर, जास्त नाही. खरं काम जानेवारीत. दार बिजागऱ्यांवरून उतरवून वरच्या आणि खालच्या कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. दार पाणी पितं ते त्या कडांतून, आणि रंगारी नेमक्या त्याच सोडतो, कारण त्या दिसत नाहीत. रंगवून घेताना समोर उभी राहा. हो, तिथंही.

इथल्या कामांचं पंचांग वेगळं आहे. मृगापासून जुलैअखेरपर्यंत पेरणी आणि लावणी. मग श्रावणात माणसं मिळतात, पण लगेच गणपती. चाकरमानी येतात, प्रत्येक घराला रंग हवा असतो, आणि तुझा नंबर त्यांच्या मागं, कारण ते वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहेत. दसऱ्याच्या आगेमागे कापणी, झोडणी. ती उरकल्यापासून शिमग्यापर्यंतचे महिने तुझे. सुतारकाम, प्लंबिंग, गिलावा सगळं तेव्हा. एप्रिल-मेमध्ये आंबा-काजू, पुन्हा माणूस नाही. कौलं मात्र एप्रिल-मेमध्येच परतावी लागतात, म्हणून त्याचं बोलणं जानेवारीत, समोरासमोर. सव्वाशे-दीडशे कौलं जादा आणून ठेव. वर चढलेल्या माणसाच्या पायाखाली फुटतातच, आणि ऐन वेळी जुन्या मापाची मिळत नाहीत.

आता वीज. गेली की आधी शेजारी बघून ये. फक्त तुझ्याकडं गेली असेल तर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ढिली झाली असेल किंवा जोडावर कार्बन धरला असेल. अख्खी वाडी अंधारात असेल तर बहुतेक ट्रान्सफॉर्मरचा डीओ, म्हणजे तिथला फ्यूज, उडालाय. खांबाचा नंबर लिहून घे आणि कार्यालयात जाऊन तेवढंच सांग: कुठला खांब, किती घरं, झाड पडलंय का. ‘आमच्याकडं लाइट नाही’ या तक्रारी त्यांच्याकडं ढिगानं असतात. खांबाचा नंबर घेऊन आलेल्या माणसाचं काम आधी होतं, कारण वायरमनची पावसातली एक फेरी वाचते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या काळात फोन होता कुठं? चालत जाणाऱ्यांनाच कळत होतं की लाइन कुठवर उभी राहिलीय.

तुझी नोकरी घरून आहे, म्हणून इन्व्हर्टरचा हिशेब देतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. पदरात बाराशे धर. लॅपटॉप 60, राउटर 12, दोन दिवे मिळून 18, पंखा 60, म्हणजे दीडशे वॅट, आठ तास. पंखा बंद केलास तर तेरा. फ्रिज त्यावर लावू नकोस. बॅटरीत महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघ. विहिरीचं पाणी घातलंस तर बॅटरी मारलीस म्हणून समज. आणि अर्थिंग! घरमालक म्हणेल ‘आहे की’. असेल, पण जांभ्यात पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात तो खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. मार्चपासून दर आठवड्याला दोन बादल्या ओत. विजा जुलैत फार नसतात, त्या मेअखेरीस आणि परतीच्या पावसात. तेव्हा घरातली माणसं हलायच्या आधी प्लग हलले पाहिजेत.

बुरशीचं थोडक्यात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढं ओढ, दारं दिवसा उघडी ठेव. चामड्याच्या वस्तू कपाटात नकोतच. लॅपटॉप आठवडाभर बंद ठेवू नकोस, त्याची स्वतःची ऊबच त्याला राखते. कॅमेरा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल घालून.

मासे मिळत नाहीत म्हणून कुरकुरलीस तेव्हा मात्र मी हसलो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. या दिवसांत बर्फातला मासा कुठून आलाय ते विचारायलाही जाऊ नये. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची ती मेमध्ये: सोडे, सुके बोंबील, सुकट, जवळा. उन्हात पुन्हा एकदा कडक करून, थंड झाल्यावर डब्यात. गरम भरलेस तर वाफ धरते आणि पंधरा दिवसांत वास मारतो. ऑगस्टनंतर हर्णै बंदरावर जा. लिलाव अर्धा किलोवाल्यांसाठी नसतो, तिथं टोपलीच्या टोपली उचलतात. तू कडेला वाटे लावून बसलेल्या बायकांकडं जा. पहिले चार-पाच वेळा महाग पडेल, पडू दे. एकाच बाईकडं जात राहा. सहाव्या वेळी ती स्वतःच म्हणेल, ‘आज हा नको नेऊस.’ त्या वाक्याची किंमत कुठल्या ॲपवर मोजतेस ते मला सांग.

एक काम मात्र उद्याच कर, लावणीची वाट न बघता. उपजिल्हा रुग्णालयात जा आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन शिल्लक आहे का विचार, रात्री कुठल्या दारानं आत जातात ते बघून ये. कातळात फुरसं हा विषारी साप असतो, हाताएवढंही नसतं लांबीला, आणि वाळल्या पाल्यात दिसत नाही. रात्री अंगणात जाताना टॉर्च आणि बूट, बूट घालण्याआधी झटकायचे. 108 नंबर आहेच, पण वाडीत रात्री दोनला गाडी काढणारा माणूस कोण, हे आजच माहीत हवं. त्याच्याकडं जा, चहा घे, घर दाखवून ये.

तू म्हणशील, काका सगळ्याला एकच औषध देतात. देतो. लोक मला हसतात, एवढ्याशा पान्यासाठी हा म्हातारा बाजारपेठेत चालत येतो म्हणून. हसोत. माझ्या घराचं दार बसतं.

‘स्वतः जा’ म्हणणारा माणूस अंजर्ल्यात बसून पत्र पाठवतोय, हेही कळतं मला. गुडघा या पावसात ऐकत नाही. रविवारी तू सुताराकडं जाशील तेव्हा दाराची बिजागरी बघून जा. तीन इंची असेल आणि दार सागवानी असेल तर ती वजनानं ओघळलीय, दार नुसतं फुगलेलं नाही. चार इंची घालायला सांग, तीन जागी, आणि स्क्रू पितळी.

तुझा,
काका