तलाव केवढा, वल्हं केवढं

प्रश्न: दादा नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी जॉर्जियातून टेक्सासला आलोय, डॅलसच्या उत्तरेला राहतो. तिकडे माझा एक ठरलेला छोटा तलाव होता, सहा वर्षं तिथेच कयाकवरून (वल्ह्याची छोटी निमुळती होडी) बास मासे धरले, कुठलं झाड पाण्यात कुठे पडलंय ते डोळे मिटून सांगेन. इथे नकाशा उघडला की निळंच निळं दिसतं, काही कळत नाही. ऑफिसात सगळे म्हणाले लेक फोर्कला जा, मोठे बास तिथेच. गेल्या रविवारी पहाटे चारला उठून गेलो, दिवसभर वल्हवलं, एकदाही दोरी ताणली गेली नाही आणि परत येताना वाऱ्याने खांदे निखळायची वेळ आली. अनोळखी भागात कयाकसाठी तलाव निवडायचा तरी कसा?

उत्तर: अहो, ऑफिसातल्यांनी तुम्हाला फसवलं नाही. फोर्क खरंच तसाच आहे, टेक्सासचा रेकॉर्ड बास, 18.18 पौंडांचा, 1992 साली तिथेच निघाला. पण हे सांगणारे बहुतेक सगळे मोठ्या बास बोटीवाले असतात, मागे दोनशे हॉर्सपॉवरचं इंजिन, एका ठिकाणी काही लागलं नाही की दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला. फोर्क 27 हजार एकरांच्या घरात आहे आणि सामान लादलेली तुमची कयाक तासाला अडीच-तीन मैल जाणार, तेही वारा नसेल तर. म्हणजे त्यांचा फोर्क वेगळा आणि तुमचा वेगळा. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तलावांचंही तेच.

म्हणून मी तलाव निवडतच नाही, मी रॅम्प निवडतो, म्हणजे बोट पाण्यात सोडायचा उतार. सॅटेलाइट नकाशा उघडा, एकेका रॅम्पवर बोट ठेवा आणि त्याच्याभोवती दीड मैलाचं वर्तुळ काढा, नकाशात अंतर मोजायची सोय असतेच. त्या वर्तुळातलं पाणी एवढाच तुमचा तलाव, बाकीचे पंचवीस हजार एकर असून नसून सारखे. मग त्या वर्तुळात काय आहे ते बघायचं. एखादा फाटा आत जमिनीत शिरलाय का, त्याच्या तोंडाशी पाणी गडद दिसतंय का (बहुतेक तिथून जुन्या ओढ्याचं पात्र जातं), काठाला हिरवट डाग आहेत का म्हणजे कमळं किंवा हायड्रिला नावाची पाणवनस्पती, पाण्यात करड्या काड्या टोचल्यासारखं काही दिसतंय का, ती धरण भरताना तशीच उभी राहिलेली झाडं. पुलाखालचा दगडी बांधही बघा, दगड आणि सावली दोन्ही एका जागी मिळतात. अशा दोन-तीन गोष्टी रॅम्पपासून अर्ध्या मैलात असतील तर तो रॅम्प चांगला, मग तलावाचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तरी चालेल. आणि पहिलं झाड दोन मैलांवर असेल तर तलाव कितीही नावाजलेला असू दे, सोडून द्या.

फोटो कधीचा आहे ते मात्र बघून घ्या, जुने फोटोही बघता येतात, त्यात कुठल्या महिन्यात वनस्पती किती पसरते तेही कळतं. इथले जवळजवळ सगळे तलाव धरणाचे आहेत, कॅडोसारखा एखादा मूळचा नैसर्गिक (आणि त्यालाही आता बांध आहे), त्यामुळे पाणी चढतं उतरतं. टेक्सास वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या वॉटर डेटा फॉर टेक्सास या साइटवर कुठला तलाव आज किती टक्के भरलाय ते दिसतं, निघायच्या आदल्या रात्री तेवढं बघायचंच. कयाकला काय, कुठूनही पाण्यात ढकलता येते असं वाटतं, पण पाणी चार-पाच फूट उतरलं की काठ आणि पाणी यांच्यामध्ये जो चिखल उघडा पडतो ना, त्यात माझा एक बूट अजून आहे.

आता मासे आहेत का हा प्रश्न. इथे लोक रिपोर्ट विचारत बसतात, काल कुणाला काय लागलं, कुठल्या रंगाचा वर्म (रबरी आमिष). मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही, ज्याला लागलं तो खरी जागा सांगत नाही आणि जो सांगतो त्याला लागलेलं नसतं. त्यापेक्षा टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचे सर्व्हे रिपोर्ट वाचा, फुकट आहेत आणि तलावाच्या नावाने सापडतात. ते लोक बोटीतून पाण्यात वीज सोडतात, मासे थोडा वेळ सुन्न होऊन वर येतात, जाळीने उचलून मोजायचे, वजन करायचं आणि परत सोडायचे. रिपोर्टात तासाला किती बास मिळाले तो आकडा असतो आणि कुठल्या लांबीचे किती याचा उभ्या खांबांचा आलेख असतो. मी आधी आलेख बघतो. सगळे उंच खांब आठ ते बारा इंचांत दाटलेले असतील तर दिवसभर दोरी हलत राहील पण फोटो काढण्यासारखं फार काही मिळायचं नाही. खांब बुटके पण अठरा इंचांच्या पुढेही पसरलेले असतील तर दिवसाला दोनच लागतील, पण लागतील ते लक्षात राहतील. पीएसडी नावाचा एक आकडाही दिसेल, त्याला घाबरू नका, आठ इंचांच्या वरच्या बासांपैकी शेकडा किती बारा इंच किंवा जास्त आहेत एवढाच त्याचा अर्थ, आणि साधारण 40 ते 70 च्या मध्ये असला की तिथे लहान-मोठे दोन्ही बरे आहेत असं धरतात. नवीन माणसाने पहिले तीन-चार रविवार भरपूर लहान बासवाल्या तलावावर घालवावेत हे माझं मत. नवीन पाणी समजायला दोरी हलावी लागते, रिकामं बसून काही कळत नाही.

आणि वारा. तुमचे खांदे माशांनी नाही, वाऱ्याने दुखवलेत. इथे वसंतात दक्षिणेचा वारा सुटला की दोन-दोन दिवस थांबत नाही, आणि वाऱ्याचा नुसता वेग बघून भागत नाही, तो मोकळ्या पाण्यावरून किती लांब येतोय ते बघायचं. ताशी बारा मैलांचा वारा छोट्या फाट्यात नुसत्या सुरकुत्या पाडतो, तोच मोठ्या तलावावर तीन मैल मोकळा धावत आला की पांढरे फेस दिसायला लागतात. मला फेस दिसला की मी कयाक गाडीवरून उतरवतच नाही. दक्षिणेचा वारा असेल तर दक्षिण काठचा रॅम्प घ्या, तिथे जमिनीची आणि झाडांची आड मिळते. खरं तर छोटे मासे वाऱ्याने उत्तर काठाला ढकलले जातात आणि बास त्यांच्या मागे जातो, म्हणजे खायला ते तिकडे आणि तुम्ही इकडे, पण बोटवाल्यांना तिकडे जाऊ दे, आपण दुसरीकडे पोट भरू.

निघताना मात्र वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. मी एकदा उलटं केलं होतं. सकाळी हलका वारा पाठीमागून, कयाक आपोआप सरकतेय, एकेक फांदीपाशी ल्युअर (नकली आमिष) टाकत कसा मजेत चाललो होतो, तीन बास पण लागले, मान वर केली तेव्हा रॅम्पवरची माझी गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. जायला लागलं पाऊण तास, यायला लागले तीन, आणि शेवटचा अर्धा मैल मी गुडघाभर पाण्यातून काठाकाठाने कयाक दोरीने ओढत आणली, वरून वेड्यासारखं ऊन. त्या दिवसापासून तो तलाव वाईट आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो, तलावाचा काही दोष नसताना.

मोटरबोटींचाही विचार करा. शनिवारी दुपारी मोठ्या तलावावर वॉटर स्कीवाले आले की त्यांच्या लाटा फाट्यात शिरतात. म्हणून ज्या तलावावर बोटींना वेगाने जायला मनाई आहे तो कयाकवाल्याला सोन्यासारखा. डॅलसच्या आग्नेयेला पर्टिस क्रीक स्टेट पार्क आहे, तिथला तलाव 355 एकरांचा आणि बोटींनी लाट न उठवता हळूच चालवायच्या असा नियम, तुम्हाला घरून जरा लांब पडेल पण एकदा बघून या. घराजवळ म्हटलं तर रे रॉबर्ट्स आहे, तो मोठा आणि वाऱ्याला उघडा, पण त्याच्या फाट्यांत उभी झाडं आहेत, तिथे वर्तुळाचा हिशोब लावा आणि वारा पडलेल्या दिवशीच जा.

फोर्कला पुन्हा जाणार असाल तर तोच हिशोब, एक फाटा निवडा आणि दिवसभर त्यातून बाहेर येऊ नका. आणि तिथला नियम वेगळा आहे तो विसरू नका, राज्यात साधारण 14 इंचांच्या वरचे पाच बास ठेवता येतात, फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला सोडावाच लागतो. तलाव बदलला की नियम बदलतो इथे.

(आमच्या घरी मी "लेकला चाललो" म्हटलं की सासूबाई अजून विचारतात, कुठल्या लेकीकडे?)

प्रश्न: सहा वर्षं जॉर्जियाचं लायसन्स होतं, ते इथे चालेल का? आणि वल्हवून कंटाळा आला, कयाकला छोटी इलेक्ट्रिक मोटर लावली तर?

उत्तर: जॉर्जियाचं चालणार नाही. टेक्सासमध्ये 17 वर्षं पूर्ण झालेल्याला इथलं लायसन्स लागतं, आणि तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच आलात म्हणजे अजून बाहेरचेच. इथे सलग सहा महिने राहिल्याशिवाय रहिवाशाच्या दरात मिळत नाही, तोपर्यंत बाहेरच्याचं जास्त पैशांचं घ्यायचं. वर्षाचं साधं लायसन्स 31 ऑगस्टला संपतं, तेव्हा जुलैत पूर्ण वर्षाचे पैसे भरण्याआधी थोड्या दिवसांचं परवडतंय का बघा.

मोटर लावली की ती कायद्याने मोटरबोट, मग तिची नोंदणी आणि कडेवर टीएक्सने सुरू होणारा नंबर. नुसत्या वल्ह्याच्या कयाकला ते काही लागत नाही. लावायची असेल तर लावा, पण पहिलं वर्ष वल्ह्यावर काढा असं मी म्हणेन. मोटर आली की माणूस वर्तुळ मोठं करतो, आणि बॅटरी नेमकी वर्तुळाच्या कडेला संपते.

प्रश्न: मिस्टर दर रविवारी एकटेच कयाक घेऊन नवनवीन तलावांवर जातात. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट सीटमागे कोंबून ठेवतात. मी काळजी करते तर म्हणतात तू उगाच घाबरतेस. दादा, तुम्हीच सांगा त्यांना.

उत्तर: वहिनी, तुमचं बरोबर आहे, आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. कायद्याने जॅकेट कयाकमध्ये असलं की मोठ्या माणसाचं भागतं, 13 वर्षांखालच्या मुलांनी तर घातलेलंच असावं लागतं. पण उलटलेल्या कयाकच्या सीटमागून जॅकेट काढून पाण्यात तरंगत घालणं किती जमतं ते त्यांना एकदा काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात करून बघायला सांगा, तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसा. मार्चमध्ये हवा 80 फॅरनहाइट आणि पाणी 55 असं होतं इथे, अंगात टी-शर्ट असतो आणि त्या पाण्यात पडल्याबरोबर श्वास असा आत ओढला जातो की पोहायचं नंतर सुचतं. पाणी 70 च्या खाली असेल तर हवेकडे बघून कपडे करायचे नाहीत, पाण्याकडे बघून करायचे.

एकटं जाणं काही मी बंद करा म्हणणार नाही, मीही जातो. पण निघताना तलावाचं नाव सांगून उपयोग नाही, फोर्कसारख्या 27 हजार एकरांत कुठे शोधणार कुणी? रॅम्पचं नाव, कुठल्या फाट्यात जाणार आणि किती वाजता गाडीपाशी परत, हे तीन मेसेज करून ठेवायचे, आणि जागा बदलली तर पुन्हा मेसेज. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, ती पिशवी अंगातल्या जॅकेटला बांधलेली, कयाकला नाही, कारण वाऱ्यात कयाक माणसाच्या आधी निघून जाते. शिट्टीही जॅकेटलाच. वीज गडगडली की रॉड (गळाची काठी) खाली आणि काठाला, हातातला ग्रॅफाइटचा रॉड म्हणजे उभी तारच.

परत आल्यावर कयाकमधलं सगळं पाणी तिथेच रॅम्पवर ओतून टाकायला सांगा. 2009 मध्ये टेक्सोमा तलावात झेब्रा शिंपले सापडले आणि मग बोटींतून एकेका तलावात पोचले, म्हणून आता तलाव सोडताना बोट रिकामी करणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, कयाकलाही. आणि काठावरच्या गवतात कयाक ठेवण्याआधी एकदा खाली बघायचं. फायर अँटच्या, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांच्या, वारुळावर ठेवली तर रविवार संध्याकाळ मलम लावण्यात जाते, आणि ते मलम तुम्हालाच लावावं लागेल.