वाचकांचे प्रश्न: रानातून गुहेकडे

ताई, आम्ही चौघं मित्र डोंगरातल्या एका निसर्ग उद्यानात जाणार आहोत. वाट 14 किलोमीटरची, चढ 900 मीटरचा, आणि वाटेत एक गुहा आहे. फलकावर ‘पाच तास’ लिहिलंय. सकाळी अकराला निघालो तर चालेल ना?

अकराला निघू नका. सातला निघा.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 मध्ये एक हिशेब मांडला होता. तो डोंगरात अजूनही कामाला येतो. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला वर आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर साधारण चार तास वीस मिनिटं होतात. पण हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. रानात मुळं वर आलेली असतात, पाचोळ्याखालचा दगड दिसत नाही, आणि उतरताना मांड्या थरथरायला लागल्या की वेग आपोआप कमी होतो. म्हणून मी त्यात आणखी निम्मा वेळ मिळवते. म्हणजे साडेसहा तास. गुहेचा दीड तास वेगळा धरा, झाले आठ. अकराला निघालात तर शेवटचा उतार सातच्या सुमाराला उतरत असाल, आणि झाडीत उघड्या माळापेक्षा बरंच आधी अंधारतं.

गुहेचा वेळ वेगळा काढायला सांगते कारण आत ऊन-सावली नसते, त्यामुळे वेळेचा अंदाज साफ चुकतो. अर्धा तास झाला असेल असं वाटतं आणि बाहेर येऊन पाहावं तर दुपार कललेली असते. आत शिरण्याआधीच बाहेर पडायची वेळ ठरवा. चौघांपैकी एकाकडे घड्याळ सोपवा, आणि तो ‘चला’ म्हणाला की बाकीच्यांनी वाद घालायचा नाही.

अंगात एक जादा कपडा हवाच. तोंडापासून आत गेलं की गुहेचं तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतकं. चढून घामाघूम झालेला माणूस तसाच आत उभा राहिला की दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो.

माझी दहा वर्षांची मुलगी गुहेतल्या लवणस्तंभांना, म्हणजे थेंबाथेंबाने साचलेल्या चुन्याच्या खांबांना, हात लावायचा हट्ट धरते. एका मुलीच्या हाताने असं काय बिघडणार आहे? नियम जरा जास्तच कडक नाहीत का?

बाई, तुमचा प्रश्न मला आवडला. मुलांना नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, कारण सांगावं लागतं. तुमच्या मुलीला हे सांगा.

पाऊस मातीतून झिरपताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि किंचित आम्लधर्मी होतो. ते पाणी चुनखडीतून वाट काढताना खडकाचा थोडा भाग विरघळवून बरोबर नेतं. गुहेच्या छताशी पोचलेला थेंब मोकळ्या हवेत आला की त्यातला वायू निघून जातो, आणि विरघळलेला चुना थेंबाच्या कडेला अगदी पातळ कड्यासारखा चिकटतो. थेंब पडतो, दुसरा येतो, कडं कणभर वाढतं. छताला लोंबणाऱ्या बारीक पोकळ नळ्या अशाच तयार होतात. त्यांची जाडी साधारण एका थेंबाइतकीच असते. दिवा समोरून न धरता बाजूने तिरका धरा, म्हणजे नळीच्या टोकाशी थरथरणारा थेंब आणि नळीच्या भिंतीतून पलीकडचा उजेड, दोन्ही दिसतात. तिला हे नक्की दाखवा. हात लावण्यापेक्षा मोठी मौज त्यात आहे.

लवणस्तंभ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाढतो, पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी. म्हणजे तिच्या वितीएवढा तुकडा घडायला हजार वर्षांहून अधिक काळ लागला असणार. हाताच्या त्वचेवर तेलाचा अंश असतो. तो दगडावर बसला की पाणी तिथे नीट पसरत नाही, नवा थर धरत नाही आणि ती जागा हळूहळू काळवंडते. ज्या गुहेत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी एकाच खांबाला हात लावलेत, तिथे हाताच्या उंचीचा पट्टा तुकतुकीत काळा झालेला दिसतो. वरचा आणि खालचा भाग मात्र पांढरा असतो. एका मुलीने काही बिघडत नाही हे खरं, पण तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला हेच वाटत असतं.

नुसत्या श्वासानेसुद्धा गुहा बिघडते. फ्रान्समधली लास्को गुहा 1940 मध्ये सापडली. तिथल्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीची प्राण्यांची चित्रं आहेत. 1948 मध्ये ती लोकांना खुली झाली आणि 1963 मध्ये बंद करावी लागली. माणसांच्या श्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड, शिवाय दिव्यांचा उजेड, यांमुळे चित्रांवर शेवाळ धरायला लागलं होतं. रानातली पायवाट चार-दोन पावसाळे बंद ठेवली तर गवत पुन्हा उगवतं. गुहेत ऊन नाही, वारा नाही, पुष्कळदा पाण्याचा लोटही नाही. तिथे लागलेला डाग कोण धुणार? म्हणून मला हे नियम कडक वाटत नाहीत. थोडे आणखी कडक असते तरी मी तक्रार केली नसती.

वाटेत पाऊस आणि विजा सुरू झाल्या तर गुहेत आसरा घ्यावा का?

गुहेच्या तोंडाशी उभं राहणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. कड्यावर पडलेली वीज खडकाच्या पृष्ठभागावरून वाहते आणि तोंडाशी छत व जमीन यांमधलं अंतर ओलांडताना तिथे उभ्या माणसातून जाऊ शकते. पुढे आलेल्या कपारीखालीही हाच धोका. वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा माथा, सोंड, एकटं झाड सगळं सोडून खाली या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

मग आत खोलवर जावं का? मुळीच नाही. चुनखडीच्या डोंगरात पाऊस ओढ्यातून वाहण्याऐवजी भेगांतून थेट गुहेत उतरतो. तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी दूरच्या माथ्यावरचा पाऊस गुहेत लोंढा आणतो. 23 जून 2018 रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले ते असंच. आत शिरताना वाट मोकळी होती, परतताना ती पाण्याखाली गेलेली. सगळ्यांना बाहेर काढायला 10 जुलै उजाडला, आणि त्या कामात एका पाणबुड्याने प्राण गमावले. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी रानात फिरा, गुहा सोडून द्या.

कोरड्या दिवशीही उद्यानाने खुली ठेवलेली गुहाच पाहा, तीही माहितगार वाटाड्याबरोबर. हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट आणि माणशी तीन वेगवेगळे दिवे हवेत, त्यात मोबाइल धरायचा नाही. जीपीएस आत चालत नाही. प्रत्येक फाट्यावर वळून मागे पाहा, कारण परतीची वाट त्या बाजूने अगदीच वेगळी दिसते.

वटवाघळं अंगावर येतात का? मला फार भीती वाटते.

येत नाहीत. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ती तुम्हाला अचूक टाळतात. भीती त्यांनाच जास्त असायला हवी. थंड प्रदेशात ती हिवाळाभर झोपतात आणि साठवलेल्या चरबीवर जगतात. दिव्याने किंवा बोलण्याने जाग आली की ती चरबी खर्च होते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. उत्तर अमेरिकेत 2006 पासून एका बुरशीने लाखो वटवाघळं मेली आहेत. ती बुरशी बुटांच्या मातीतूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते, म्हणून बूट आणि कपडे धुतल्याशिवाय दुसऱ्या गुहेत जाऊ नका. विष्ठेचा कोरडा थर असेल तिथे पाय घासत चालू नका. ती धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे असं नकाशात दिसतं. पाणी कमी नेलं तर चालेल?

चुनखडीच्या डोंगरावर पाणी वर टिकतच नाही, त्यामुळे माथ्यावरचे ओढे बहुधा कोरडे सापडतील. पायथ्याचा झरा नितळ दिसतो, पण ते पाणी वाळू-मातीतून गाळून आलेलं नसतं. भेगांतून धावत आलेलं असतं, आणि वर कुठे मेलेलं जनावर पडलं असेल तर त्याचा अंशही घेऊन येतं. उकळल्याशिवाय पिऊ नका. दिवसभराचं पाणी सकाळीच भरून घ्या, माणशी तीन लिटर, उन्हाळा असेल तर चार.