वाचकांचे प्रश्न : शीत संमीलनातली किरणं जातात कुठे?

प्रश्न : १९८९ साली युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जड पाण्यातलं ड्युटेरियम (जड हायड्रोजन) पॅलेडियम धातूच्या सळीत भरून जादा उष्णता मिळाल्याचं जाहीर केलं. ती शीत संमीलनाची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जुळण्याची असेल, तर किरणोत्सार का झाला नाही? याचं सैद्धांतिक स्पष्टीकरण कुणी दिलंय का? – एक वाचक, सातारा

उत्तर : स्पष्टीकरणं भरपूर आहेत, पण गळी उतरेल असं एकही नाही. दोन ड्युटेरॉन (ड्युटेरियमची केंद्रकं) जुळले की साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि २.४५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा न्यूट्रॉन मिळतो, निम्म्या वेळा ट्रिटियम (आणखी जड हायड्रोजन) आणि प्रोटॉन. हेलियम-४ होऊन २३.८ एमईव्हीचा गॅमा किरण सुटणं कोटीत एखाद्या वेळी. १ वॉट उष्णता या नेहमीच्या वाटांनी यायची, तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन सुटतील. भांड्यापासून एक मीटरवर उभ्या माणसाला ते तासाभरात घातक ठरू शकतील. प्रयोग करणारे तर ठणठणीत होते!

म्हणून बहुतेक सिद्धांत हेलियम-४ ची वाट धरतात आणि गॅमाऐवजी ऊर्जा धातूच्या अणूंच्या जाळीला देतात. ऊर्जा जाळीला देण्याची कल्पना नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन श्विंगर यांनीही मांडली, पण त्यांचा भर प्रोटॉन आणि ड्युटेरॉन जुळून हेलियम-३ होण्यावर होता. या कल्पनेच्या बाजूने मॉसबाउअर परिणामाचा (केंद्रक गॅमा सोडतं तेव्हाचा धक्का अख्खी जाळी झेलते) दाखला देतात, पण तो अर्धाच लागू पडतो. लोह-५७ मध्ये जाळी फक्त धक्का झेलते; १४.४ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा गॅमाच घेऊन जातो. इथे ऊर्जाच जिरवायची आहे. पॅलेडियममधल्या ड्युटेरियमच्या एका कंपनाचा पुंज (ऊर्जेचा सर्वांत छोटा हिस्सा) जेमतेम ०.०४ ईव्हीचा, म्हणजे एका संमीलनामागे ६० कोटी पुंज हवेत. शिवाय जुळलेलं केंद्रक फुटायला १० चा उणे २१ वा घात इतके सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात प्रकाशसुद्धा दोन अणूंमधल्या अंतराचा हजारावा भाग कापतो. जाळीला खबर लागणार कधी?

एमआयटीचे पीटर हॅगेलस्टीन हे कर्ज हप्त्याहप्त्याने फेडतात : आधी ऊर्जा इतर केंद्रकांत वाटायची, मग कंपनांत. गणित प्रामाणिक आहे, पण केंद्रकं आणि कंपनं यांचं हवं तेवढं घट्ट जोडणं सिद्ध झालेलं नाही. त्यांनीच २०१० मध्ये दाखवलं, की अल्फा कण (हेलियम-४ ची केंद्रकं) २० केईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचे असते, तर वाटेतल्या ड्युटेरियमला धडकून न्यूट्रॉन दिसलेच असते. चार ड्युटेरॉन एकदम जुळून २३.८ एमईव्हीचे दोन अल्फा निघतात, या ताकाहाशी यांच्या सिद्धांताला हा मोठाच अडसर.

विडम-लार्सन सिद्धांत (२००६) संमीलनच टाळतो. जड झालेला इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये शिरून मंद न्यूट्रॉन बनवतो. त्यासाठी लागणारे ०.७८ एमईव्ही एका इलेक्ट्रॉनपाशी गोळा कसे होतात, हा पहिला प्रश्न. न्यूट्रॉन गिळल्यावर निघणारा गॅमा तेच जड इलेक्ट्रॉन शोषतात म्हणे. तसं असेल तर बाहेरून गॅमा स्रोत लावून तपासता यायला हवं. चालू भांड्याचा पृष्ठभाग त्या किरणांना अडवतो का, एवढंच पाहायचं.

प्रश्न : भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले होते ना? – एक वाचक, चेंबूर

उत्तर : झाले. १९८९ पासून पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने. ट्रिटियम दिसल्याचं त्यांनी नोंदवलं, न्यूट्रॉन मात्र कोट्यवधी पटींनी कमी. नेहमी दोन्ही सारखेच असतात. हेलियम-४ वर बेतलेल्या सिद्धांतांना ट्रिटियम वेगळंच समजावून द्यावं लागतं.

प्रश्न : मग हेलियम मोजून वाद मिटवता येणार नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल, पण जपून. १ वॉट दिवसभर चालला तर हेलियम मिळतो ०.८४ मायक्रोलिटर, तेवढा तर १६० मिलिलिटर साध्या हवेत असतो. गळती ओळखायला आरगॉनही मोजतात, कारण हवेत तो ०.९३ टक्के आहे. पण काचेतून हेलियम झिरपतो, आरगॉन झिरपत नाही. म्हणजे काचेचं भांडं असेल तर आरगॉनची चाचणी फसवते. भांडं धातूचं हवं. शिवाय ड्युटेरियम रेणूचं वस्तुमान ४.०२८ आणि हेलियमचं ४.००३, म्हणून वस्तुमान-वर्णपटमापकात (वस्तुमानानुसार कण वेगळे करणाऱ्या यंत्रात) नमुना सोडण्याआधी ड्युटेरियम शोषून काढावं लागतं, नाहीतर त्याचंच शिखर हेलियमचं म्हणून वाचलं जातं.