वाचक विचारतात : मँड्रेल काढून टाकले तर पेन कातता येईल का?

प्रश्न : कारखान्यात तीस वर्षे टर्नर म्हणून काम करून मी निवृत्त झालो. लालबागच्या घरातल्या गॅलरीत छोटा वुडलेथ (लाकूड फिरवून कातायचे यंत्र) बसवून गेल्या वर्षापासून साग आणि शिसवाची पेने करतो. पेनाचे दोन्ही तुकडे बुश (माप ठरवणाऱ्या पोलादी चकत्या) लावून मँड्रेलवर (तुकडे ओवायच्या दांडीवर) एकत्र कातले, तरी जोडणीनंतर मधल्या कड्यापाशी एका बाजूला लाकूड कड्याच्या वर राहते आणि समोरच्या बाजूला खाली जाते. नवे मँड्रेल आणूनही फरक पडला नाही. दोन सेंटरांमध्ये (लेथच्या समोरासमोरच्या दोन टोकदार आधारांमध्ये) काम केले तर हा दोष जाईल का?

उत्तर : जाईल, आणि आपल्या हाताचा यात दोष नाही. लाकडाच्या आत चिकटवलेल्या सात मिमीच्या पितळी नळीवर बेतलेल्या पेनासाठी मँड्रेलची दांडी जेमतेम सव्वासहा मिमी जाडीची असते. तिच्यावर दोन तुकडे आणि तीन बुश चढवून टोकाचा नट आवळला आणि वर टेलस्टॉकचाही (लेथच्या सरकत्या टोकाचाही) दाब दिला, की ती धनुष्यासारखी किंचित वाकते. हा वाक दोन्ही टोकांना जवळजवळ नसतो आणि मध्यभागी सर्वांत जास्त असतो. पेनाचे मधले कडे नेमके तिथेच येते, म्हणून दोष तिथेच दिसतो. या पेनाच्या बुशचा बाहेरचा व्यास ८.४ मिमीच्या आसपास धरला, तर नळीवर लाकडाचा थर सगळीकडे ०.७ मिमी उरायला हवा. नळी मध्यापासून ०.२ मिमी जरी सरकली, तरी एका बाजूला ०.९ आणि समोर ०.५ मिमी उरतो. डोळ्याला हे चटकन दिसत नाही, पण कड्यावरून नख फिरवले की एका बाजूला ते अडते आणि दुसऱ्या बाजूला पायरी उतरल्यासारखे खाली जाते. नवे मँड्रेलही पूर्वीइतकेच आवळले असेल, तर तेही तसेच वाकणार.

दोन सेंटरांमध्ये काम करताना दांडीच नसते. हेडस्टॉकमध्ये (मोटरच्या बाजूला) ६० अंशांचे डेड सेंटर (बेअरिंग नसलेले, अखंड), टेलस्टॉकमध्ये ६० अंशांचे रिव्हॉल्व्हिंग सेंटर (बेअरिंगवर फिरणारे), आणि मध्ये दोन्ही तोंडांत बुश बसवलेला एकच तुकडा, एवढीच मांडणी असते. एका वेळी एकच तुकडा होतो म्हणून वेळ थोडा जास्त लागतो, पण निवृत्त माणसाने त्याची फिकीर करू नये.

मात्र इथे हेडस्टॉकचे सेंटर आउट (नेमके मध्यावर न फिरणारे) असेल, तर तो दोष जसाच्या तसा कामात उतरतो. आपण टर्नर आहात, तेव्हा सेंटरच्या निमुळत्या भागावर डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापयंत्र) लावून, लेथ हाताने फिरवून काटा पाहावा. काटा हलला तर लगेच सेंटरला दोष देऊ नये. स्पिंडलच्या मोर्स टेपरमध्ये (सेंटर बसते त्या निमुळत्या भोकात) लाकडाचा एक बारीक कपचा अडकला, तरी सेंटरचे टोक भरकटते. माझ्याकडे असे झाले तेव्हा मी नवे सेंटर विकत आणले आणि मग टेपर पुसला. याउलट टेलस्टॉक थोडा बाजूला असला, तर मँड्रेलइतका त्रास होत नाही, कारण तुकडा दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेवरच फिरतो. हेडस्टॉकमध्ये घट्ट धरलेली दांडी मात्र अशा वेळी प्रत्येक फेऱ्याला लवत राहते.

मँड्रेलचे नेहमीचे बुश या कामाला चालतात, परंतु त्यांच्या भोकाची धार सेंटरवर हळूहळू झिजते. आपल्या ओळखीत कुणाकडे मेटल लेथ असेल, तर बुश स्वतःच करावेत. नळीत शिरणारी मान, बाहेरचा व्यास आणि सेंटर ड्रिलने घेतलेली ६० अंशांची खोबण, हे सगळे एकाच पकडीत करावे. काम काढून पुन्हा पकडले, की एककेंद्रीपणा गेला. मानेचे माप नळीत व्हर्निअर घालून घ्यावे, कारण सगळ्या नळ्या आतून सारख्या नसतात.

बुशाशिवाय पोलादी सेंटर थेट नळीत टेकवू नये. पितळ मऊ आणि नळी पातळ असल्यामुळे तिचे तोंड फुलते, आणि पुढे पेनाचा भाग दाबून बसवताना तो सैल पडतो.

टेलस्टॉकचा दाब तुकडा डेड सेंटरबरोबर फिरेल इतकाच ठेवावा. लेथ बंद ठेवून तुकडा बोटांनी पिळून पाहावा. जोर लावल्यावर तो घसरला, तर दाब ठीक आहे. पटाशी अडकली तरी मग तुकडा जागीच थांबतो, फुटत नाही. अर्थात पटाशीला चांगली धार हवी आणि छेद हलका हवा.

प्रश्न : माझ्या वुडलेथसोबत आलेल्या टेलस्टॉक सेंटरला टोकाभोवती गोल कडा आहे. तेच वापरू का? नवे घ्यायचे तर काय पाहून घ्यावे? (बोरिवली)

उत्तर : ते सेंटर लाकडात रुतण्यासाठी केलेले असते, त्याची कडा बुशला आधी टेकते आणि टोक खोबणीत बसतच नाही. मेटल लेथचे रिव्हॉल्व्हिंग सेंटर सहसा ६० अंशांचेच असते आणि नागदेवी स्ट्रीटवरच्या टूल्सच्या दुकानांत ते सहज मिळते. जाण्यापूर्वी आपल्या लेथचा मोर्स टेपर मोजावा. टेपरच्या रुंद बाजूचा व्यास एक नंबरला १२.०६५ मिमी आणि दोन नंबरला १७.७८ मिमी असतो. दुकानात टोक बोटांत धरून आडवे हलवून पाहावे. किंचितही खेळ जाणवला, तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

प्रश्न : पॉलिश पेपर मारताना हळदूच्या पिवळसर लाकडावर काळे डाग पडतात आणि इन्स्टंट गोंदाचे फिनिश दिले की बुश तुकड्याला चिकटून बसतात. काय करावे? (माहीम)

उत्तर : दोन्ही त्रास पोलादी बुशांचेच आहेत. पेपर बुशवर घासला, की पोलादाची पूड निघून लाकडात भरते. शिवाय बुश झिजून लहान होतो आणि पुढच्या प्रत्येक पेनाचे माप चुकवतो. पटाशीचे काम मापाच्या किंचित वर थांबवून बुश काढावेत आणि डेलरिनचे (टणक, गुळगुळीत प्लॅस्टिकचे) दोन निमुळते शंकू नळीच्या तोंडांत हलके टेकवून पेपर व फिनिश त्यांच्यावर करावे. डेलरिनला गोंद सहसा धरत नाही. बुश नसल्यामुळे माप मात्र व्हर्निअरनेच घ्यावे लागेल, तेही बुशचे नव्हे, तर त्या पेनाच्या कड्याचे आणि टोकाचे. फिनिशचा थर माप वाढवतो, म्हणून पेपर मारताना त्याच्यापुरती जागा सोडावी. शेवटी तोंडाशी गोंदाची कड उरली असेल, तर सपाट पाटीवर बारीक पेपर ठेवून तुकडा उभा धरून दोन-चार फेरे द्यावेत आणि पितळ चमकू लागले की थांबावे. त्याहून जास्त घासले, तर नळी आखूड होऊन रिफिल प्रमाणाबाहेर डोकावते.